खानदेशातून माथेरानची छोटी गाडी: एका दिवसाच्या कौटुंबिक सहलीचे नियोजन

खानदेशातून माथेरानला जाणारी बरीच कुटुंबे आधी हॉटेल ठरवतात, मग मुख्य गाडीचे आरक्षण करतात आणि नेरळहून डोंगरावर जाणाऱ्या छोट्या गाडीचा विचार शेवटी करतात. परिणामी नेरळच्या फलाटावर उतरल्यावर तिकिटे संपल्याचे कळते, मुलांचे चेहरे उतरतात आणि सगळे टॅक्सीत बसून वर जातात. वर जाऊन घोडा आणि चिक्की मिळते, पण ज्यासाठी घर सोडले ती गाडी राहूनच जाते. म्हणून पुढील सर्व नियोजन एका गोष्टीभोवती रचले आहे: सकाळची नेरळ ते माथेरान गाडी. बाकीचा दिवस तिच्या सोयीने ठरवावा. असे केल्यास जळगाव, भुसावळ किंवा चाळीसगावचे कुटुंब रात्री निघून, दिवस माथेरानला घालवून दुसऱ्या पहाटे घरी परतू शकते आणि मुक्कामाचा खर्चही वाचतो.

सर्वप्रथम महिना ठरवावा. नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या अलीकडचे स्थानक) हा घाटाचा भाग साधारणपणे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत प्रवाशांसाठी बंद ठेवला जातो आणि त्या काळात फक्त अमन लॉज ते माथेरान ही वरची छोटी फेरी चालू असते. यामागे पुरेसे कारण आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेल्याने तो सुमारे दोन वर्षे बंद होता आणि २०१९ च्या पावसाळ्यात झालेल्या नुकसानीनंतर संपूर्ण मार्गावर पुन्हा गाडी धावण्यास ऑक्टोबर २०२२ उजाडला. पावसाळ्यातील माथेरान सुंदर असते हे खरे, परंतु गाडीसाठी जाणाऱ्याने तो काळ टाळावा. एप्रिल-मे महिन्यांत जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर गेला की सुमारे ८०० मीटर उंचीवरची ती सावली आपल्याला बोलावू लागते, मात्र तेव्हा ती मुंबई आणि पुण्यालाही बोलावत असते. शेतकरी कुटुंबांचे ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने कापूस वेचणीत जातात आणि फेब्रुवारीच्या अखेरीस हरभरा काढणीला येतो. त्यामुळे जानेवारी हा आपल्याकडच्या लोकांना सर्वांत सोयीचा महिना आहे. त्यातही मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार निवडावा आणि शाळेकडून मुलांची एक दिवसाची रजा घ्यावी. शनिवार-रविवारी नेरळच्या खिडकीवर मुंबईची गर्दी पहाटेपासून उभी असते आणि आपण साडेतीनशे किलोमीटरवरून आलो आहोत याचे त्या रांगेत कोणालाही कौतुक नसते.

आता जाण्याची सोय. जळगाव ते कल्याण हे अंतर सुमारे ३६५ किलोमीटर आहे. रात्री जळगाव-चाळीसगाव ओलांडून सकाळी मुंबईला पोहोचणाऱ्या अमरावती-मुंबई किंवा विदर्भ एक्सप्रेस यांसारख्या गाड्यांपैकी जी आपल्या स्थानकावर आणि कल्याणलाही थांबते, तिचे शयनयान आरक्षित करावे. जाताना आणि येताना अशा दोन्ही रात्रींचे आरक्षण एकाच वेळी करावे, कारण परतीची गाडी निश्चित नसेल तर माथेरानला दिवसभर घड्याळाकडे आणि मोबाइलकडेच लक्ष राहते. धुळेकरांनी संध्याकाळीच चाळीसगाव गाठणे बरे. नंदुरबार, दोंडाईचा आणि अमळनेर ही गावे सुरत मार्गावर असल्याने तेथील कुटुंबांनी जळगावला येऊन गाडी बदलावी. त्यांचा एक टप्पा वाढतो, पण सुरतेला वळसा घालून मुंबईमार्गे येण्यापेक्षा तो सोपा आहे. मुंबईपर्यंत जाऊन पुन्हा मागे येण्यातही काहीच अर्थ नाही. सामान घेऊन कल्याणलाच उतरावे.

कल्याणहून नेरळसाठी कर्जत किंवा खोपोलीची लोकल पकडायची असते आणि नवख्या कुटुंबाचा गोंधळ उडतो तो नेमका येथे. कल्याणला मध्य रेल्वेचे दोन फाटे होतात. आपण ज्या फाट्याने आलो तो कसाऱ्याचा, आणि नेरळ दुसऱ्या फाट्यावर. फलाटावरील इंडिकेटरवर कर्जतसाठी ‘एस’ आणि कसाऱ्यासाठी ‘एन’ ही अक्षरे दिसतात. ‘एन’च्या गाडीत बसल्यास आपण पुन्हा इगतपुरीच्या दिशेला लागतो. अंबरनाथ आणि बदलापूरच्या लोकल योग्य दिशेने जात असल्या तरी नेरळच्या आधीच संपतात. लोकलमध्ये चढण्यापूर्वी एकाने तिकीट काढावे, दुसऱ्याने मुलांना शौचालयात नेऊन आणावे. बदलापूर, वांगणी आणि शेलू ही स्थानके मागे पडली की नेरळ येते. शेलू आले की उठून दाराशी जावे, लोकल फार वेळ थांबत नाही.

नेरळला शक्यतो सातच्या सुमारास पोहोचावे. छोट्या गाडीच्या वरच्या दिशेने सकाळी सहसा दोनच फेऱ्या असतात, डब्यांची संख्या थोडी असते आणि तिकिटे घरबसल्या मुख्य गाडीसारखी काढता येतील या भरवशावर राहू नये. नेरळच्या स्वतंत्र खिडकीवर गाडी सुटण्याच्या सुमारे पाऊण तास आधी तिकीटविक्री सुरू होते आणि जो आधी रांगेत उभा त्याला आधी तिकीट, असा सरळ हिशेब असतो. वेळापत्रक ऋतूनुसार बदलते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी ते मध्य रेल्वेच्या अधिकृत माहितीत पाहून घ्यावे. कुटुंबातील एका सक्षम व्यक्तीने उतरल्याबरोबर थेट खिडकीपाशी जाऊन उभे राहावे. चहा, वडापाव, दात घासणे, आजीचा स्वेटर काढणे हे सर्व इतरांनी सांभाळावे. बरोबर पुरेशी रोख रक्कम, सुट्या नोटांसह, ठेवावी. द्वितीय श्रेणीचा साधा डबा, प्रथम श्रेणी आणि मोठ्या काचांचा व्हिस्टाडोम असे पर्याय उपलब्ध असतील, तर माझा कल साध्या डब्याकडेच आहे. खिडकी उघडी असते, डोंगराचा वारा आत येतो आणि चाकांचा आवाज कानात बसतो. काचेच्या डब्यातून दिसते जास्त, पण लागते कमी. फक्त दमा असलेली किंवा थंडी सोसत नसलेली ज्येष्ठ व्यक्ती बरोबर असेल, तर बंद डबा घ्यावा.

गाडीत बसण्यापूर्वी नेरळच्या शौचालयाचा उपयोग सर्वांनी करून घ्यावा, कारण छोट्या डब्यांत ती सोय नाही आणि प्रवासाला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो. वळणे तीव्र असल्यामुळे ज्यांना गाडी लागते त्यांनी रिकाम्या पोटीही बसू नये आणि भरल्या पोटीही. आलेपाकाची वडी किंवा लिंबू जवळ असावे. मोठ्या बॅगा आणूच नयेत. पाठीवरच्या दोन पिशव्यांत चार माणसांचा दिवस सहज मावतो. पांढरे कपडे घालू नयेत, कारण माथेरानची तांबडी माती शिवणीत एकदा बसली की सहजासहजी निघत नाही.

रांगेत उभे असताना मुलांना या गाडीची थोडी ओळख करून द्यावी, म्हणजे वेळही जातो आणि पुढे काय पाहायचे तेही कळते. ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरानचा डोंगर पाहिला आणि नंतर तेथे इंग्रजांच्या बंगल्यांची वस्ती वाढली. तरीही नेरळहून वर जायचे तर घोडा, पालखी किंवा स्वतःचे पाय एवढीच साधने होती. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या पैशाने ही रेल्वे बांधली. पुढाकार त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांचा, खर्च सुमारे १६ लाख रुपये, आणि गाडी सुरू झाली १९०७ मध्ये. रुळांमधील अंतर दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. आपल्याकडच्या घरांत हा आकडा समजावून सांगणे सोपे आहे, कारण पाचोरा-जामनेर मार्गावरची ‘पीजे’ आजी-आजोबांनी पाहिलेली असते. पीजेचे रूळ अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचे होते. आपण रात्रभर ज्या रुळांवरून आलो ते १६७६ मिलिमीटरचे. नेरळला मोठे आणि छोटे रूळ शेजारी शेजारी असल्याने हा फरक फलाटावर उभे राहूनच दिसतो, त्यासाठी कोणालाही रुळांत उतरवण्याची गरज नाही. पीजे सपाट काळ्या रानातून, शेंदुर्णी-पहूरच्या शेतांमधून जायची. इथे मात्र रुळांतील अंतर कमी ठेवण्यामागे काटकसरीइतकाच वळणांचाही विचार होता, कारण डोंगराच्या कुशीला चिकटून जाणारी इतकी आखूड वळणे मोठ्या रुळांना जमलीच नसती.

चढाचेही तसेच. आपण ज्या कसारा घाटातून येतो त्याचा चढ ३७ फुटांना एक फूट आहे आणि तेवढ्यासाठीसुद्धा वर जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. माथेरानच्या गाडीचा चढ काही ठिकाणी २० फुटांना एक फूट आहे, आणि ती तो कोणत्याही दात्यांच्या रुळांशिवाय, केवळ चाक आणि रूळ यांच्या घर्षणावर चढते. सुरुवातीची वाफेची इंजिने जर्मनीतील ओरेन्श्टाइन अँड कोपेल या कारखान्यातून आली होती. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या आसांना थोडे आडवे सरकता येईल अशी रचना होती, त्यामुळे सहा चाकांचे इंजिनही त्या वळणांवर अडकत नसे. पुढे डिझेल इंजिने आली. जुन्या वाफेच्या इंजिनांपैकी एक इंग्लंडला गेले, आणि नेरळला जतन केलेले इंजिन आजही पाहता येते. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या तीन पर्वतीय रेल्वे युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट आहेत. माथेरानचे नाव संभाव्य यादीत आहे, अंतिम मानांकन मिळालेले नाही. ‘जागतिक वारसा’ असे लिहिलेले फलक आणि संदेश वाचून मुलांनी निबंधात तसे लिहू नये, एवढ्यासाठी हे सांगणे आले.

प्रवास सुरू झाल्यावर कोणती बाजू चांगली यावरून भावंडांत वाद होऊ देऊ नये. मार्ग इतका उलटसुलट वळतो की दरी कधी डावीकडे येते, कधी उजवीकडे, आणि प्रत्येकाची पाळी लागतेच. सुमारे २१ किलोमीटरच्या या प्रवासाचा सरासरी वेग ताशी आठ किलोमीटरच्या आसपास पडतो. जुम्मापट्टीपर्यंत रस्ता आणि रूळ एकमेकांना छेदत जातात. तेथून पुढे खरा घाट लागतो. भेकरा खिंडीच्या पुढे समोर कडा येतो आणि गाडी थांबवून दिशा बदलावी लागू नये म्हणून तेथे घोड्याच्या नालेच्या आकाराचा मोठा भराव घातलेला आहे. या वळणावर शेवटच्या डब्यात बसलेल्यांना खिडकीतून स्वतःच्याच गाडीचे इंजिन जवळजवळ समोरून येताना दिसते. चाकाची कड रुळाला घासून जी बारीक, लांबलेली किंकाळी उठते ती नेमकी अशा वळणांवर ऐकू येते, आणि गाडी सरळ मार्गाला लागताच ती तुटते. मोबाइलवर चित्रीकरण करायचेच असेल तर ते येथे करावे, पण हात, डोके आणि मोबाइल खिडकीच्या आत ठेवून. दगडाची भिंत डब्यापासून हातभर अंतरावर येते.

पुढे मार्गावरचा एकमेव बोगदा लागतो. त्याला ‘वन किस’ बोगदा म्हणतात, आणि तो इतका आखूड आहे की मुलांनी नावाचे कारण विचारेपर्यंत बाहेर पडलेला असतो, ही पालकांची सोयच म्हणायची. वॉटर पाइप स्थानकावर वाफेच्या इंजिनांच्या काळात पाणी भरले जाई. आज तेथे माकडांचा वावर असतो. आपल्याकडून निघताना पिशवीत केळी टाकणे ही अंगवळणी पडलेली गोष्ट आहे, पण ती केळी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि स्थानकावर बाहेर काढू नयेत, कारण माथेरानची माकडे पिशवीचा आकार पाहूनच आत काय आहे ते ओळखतात. मुलाच्या हातातले केळे हिसकावले गेले तर ते परत मिळवण्याचा प्रयत्न करू नये, बोचकारण्याचा धोका असतो. वॉटर पाइपच्या पुढे पेबच्या किल्ल्याचा डोंगर आणि रुळांजवळ कड्यावरचा गणपती लक्षात ठेवून पाहावा. त्यानंतर पॅनोरमा पॉइंटजवळचे वळण येते. तेथे खाली नेरळची घरे ठिपक्यांएवढी दिसतात आणि आपण सकाळी कोठे उभे होतो ते मुलांना बोटाने दाखवता येते. एकदा हा भाग गाडीतून पाहिला की वर गेल्यावर पॅनोरमा पॉइंटसाठी वेगळी पायपीट करण्याचे कारण उरत नाही. तेवढा वेळ वाचतो.

तिकीट मिळालेच नाही, तर रुसून न बसता लगेच दुसरा मार्ग धरावा. नेरळ स्थानकाबाहेरून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जावे. तेथून पुढे मोटारींना बंदी आहे. नाक्याजवळच अमन लॉज स्थानक आहे आणि तेथून माथेरानपर्यंत सुमारे अडीच-तीन किलोमीटरची फेरी त्याच दोन फुटी रुळांवरून चालते. घाट हुकला तरी जंगलातून जाणारी, तांबड्या मातीच्या कडेकडेने डुलणारी गाडी तरी मिळते. या फेरीचीही रांग असते, तेव्हा टॅक्सीतून उतरताच आधी खिडकी गाठावी. चालणाऱ्यांना अमन लॉज ते बाजारपेठ हे अंतर पाऊण तासाचे आहे, सावलीचे आहे आणि बहुतांश सपाट आहे. माणसाने ओढायच्या हातरिक्षा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला असून त्यांच्या जागी ई-रिक्षा आणण्यास सांगितले आहे. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांसाठी ई-रिक्षाची चौकशी नाक्यावरच करावी. घोड्यावर बसायचे असल्यास चढण्यापूर्वी दर आणि ठिकाणे दोन्ही ठरवून घ्यावीत.

माथेरानला उतरल्यावर नगरपरिषदेचा प्रवेशकर भरावा आणि बाजाराकडे वळण्यापूर्वी परतीच्या गाड्यांच्या वेळा आणि तिकीटखिडकी उघडण्याची वेळ विचारून ठेवावी. एका दिवसात हाताशी तीन-चार तासच राहतात. नकाशावर पस्तीसहून अधिक पॉइंट आहेत आणि घोडेवाले त्यांतील बारा दाखवण्याची तयारी दर्शवतात, पण लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असताना शार्लट तलाव, शेजारचे पिसरनाथाचे मंदिर आणि जवळचा एको पॉइंट एवढे पुरे. एकच कडा निवांत पाहावा. काही पॉइंटवर कठडे अपुरे आहेत, त्यामुळे मुलांचा हात सोडू नये.

जेवणाबाबत माझे स्पष्ट मत असे की शिदोरी घरूनच न्यावी. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तळलेल्या मिरच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तम टिकतात. कळण्याची भाकरी कडक होते, तरी ठेच्याबरोबर तिला कोणी नाही म्हणत नाही. भरीत मात्र नेऊ नये, रात्रभरात आंबते. हॉटेलात जेवायला बसले की गर्दीच्या दिवशी तासभर जातो, आणि आपल्या हातात असलेल्या वेळेचा तो चौथा भाग आहे. कागद, पिशव्या आणि बाटल्या परत आपल्या बॅगेत भरून खाली आणाव्यात.

उतरताना पुन्हा छोटी गाडी घ्यावी का, हा प्रश्न नेहमी पडतो. दुपारी खाली येणाऱ्या गाड्या असतात, पण त्यांतील उशिराची गाडी नेरळला संध्याकाळी पोहोचते आणि एकेरी मार्गावर काही अडले की विलंब वाढतो. रात्रीचे आरक्षण हातात असलेल्या कुटुंबाने वर जाताना पूर्ण गाडी आणि उतरताना अमन लॉजपर्यंतची फेरी व पुढे टॅक्सी, असा मेळ घालावा. त्यामुळे वर आणखी दीड-दोन तास मिळतात आणि परतीची चिंता उरत नाही. मुलांनी फारच हट्ट धरला, तर दुपारची पहिली गाडी घ्यावी, दुसरी नव्हे. टॅक्सीवाल्याला सामायिक भाडे किती आणि पूर्ण गाडीचे किती हे आधी विचारावे.

नेरळहून कल्याणकडे येणारी लोकल संध्याकाळी बहुधा रिकामी असते, कारण गर्दीचा ओघ तेव्हा उलट्या दिशेने वाहतो. कल्याणला रात्रीच्या गाडीआधी दोन तास हाताशी ठेवावेत, तेथेच जेवावे आणि आपला डबा फलाटावर कोठे येतो ते पाहून ठेवावे. मुले जागी असतील तर कसाऱ्याला गाडी थांबल्यावर मागून घाटाची इंजिने लागतात तेव्हाचा हलका धक्का त्यांच्या लक्षात आणून द्यावा. सकाळचा चढ आणि हा चढ यांची तुलना ती आपणहून करतात. त्यानंतर मात्र मोठ्यांपैकी एकाने मोबाइलवर गजर लावूनच डोळे मिटावेत. भुसावळकरांना थोडी उसंत असते, पण चाळीसगाव आणि जळगाव ही स्थानके ऐन गाढ झोपेच्या वेळी येतात आणि गाडी तेथे मोजकी मिनिटेच थांबते.